पार्श्वभूमी : आरपीजी मेकर, हौशी गेम आणि त्यांची पारख

हौशी आरपीजी (रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे) गेमची परीक्षणं वाचायला घेतली की काही शेरे हटकून भेटतात. सगळं आरटीपीच (साधनासोबत मिळणारी तयार चित्रंच) दिसतंय. गावाचा नकाशा उगाच मोठा आहे. पावलापावलाला लढाई. एकाच पेटीतून औषध कितीही वेळा निघतं. वीस-पंचवीस वर्षं हे शेरे जवळपास तसेच आहेत. बनवणारे आळशी असतात, असा त्यावरून सरसकट निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. बहुतेक शेऱ्यांचं मूळ आरपीजी मेकर या गेम बनवायच्या साधनाच्या घडणीत सापडतं. बनवणाऱ्याने जे ठरवलं नाही, ते हे साधन स्वतःच्या आकड्यांनी आणि चित्रांनी भरून टाकतं. त्यामुळे समोरच्या गेममध्ये साधनाचं काय आणि बनवणाऱ्याचं काय, हे वेगळं करता येणं हे परीक्षण लिहिणाऱ्याचं पहिलं काम.

अमेरिकेत १९८०च्या दशकातच 'अॅडव्हेंचर कन्स्ट्रक्शन सेट'सारखी साधनं निघाली होती, पण आज ज्याला आपण हौशी आरपीजी म्हणतो त्याचा साचा जपानी आहे. अस्की ही कॉम्प्युटरची मासिकं काढणारी कंपनी. तिच्याकडून १९९० मध्ये एमएसएक्स२ या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'दांते' आलं आणि १९९२ मध्ये एनईसीच्या पीसी-९८ साठी 'आरपीजी त्सुकूरु दांते ९८'. जपानीत 'त्सुकुरु' म्हणजे बनवणं आणि 'त्सूरु' म्हणजे टूल. दोन्ही एकात मिसळून हे नाव झालं; इंग्रजीत तेच 'आरपीजी मेकर'. वरून दिसणारा चौकोनी टाइलचा नकाशा, गावकऱ्यांशी बोलणं, पाळीपाळीने लढाई हा त्या काळच्या जपानी कन्सोल गेमचा ढाचा त्यात तयार मिळायचा. अस्की अशा गेमच्या स्पर्धाही भरवायची. १९९६ चा 'कॉर्प्स पार्टी' हा भयगेम दांते ९८ मध्येच बनला होता आणि पुढे त्यातून व्यावसायिक मालिका उभी राहिली. साधन राजा-राक्षसाच्या गोष्टींसाठी केलेलं, पण शाळेतल्या अंधाऱ्या वर्गांची भीती त्यातून उभी करता येते, हे तेव्हाच दिसलं.

जपानबाहेर हे लोण पोचलं ते विंडोजमुळे. 'आरपीजी मेकर ९५' १९९७ मध्ये आणि 'आरपीजी मेकर २०००' एप्रिल २००० मध्ये जपानीत आलं. 'डॉन मिगेल' या टोपणनावाने वावरणाऱ्या एका रशियन प्रोग्रामरने दोन्हींची अनधिकृत इंग्रजी भाषांतरं केली आणि इंग्रजी, जर्मन, फ्रेंच बोलणारी पोरं गेम बनवायला लागली. विंडोजवरच्या मालिकेची अधिकृत इंग्रजी आवृत्ती मिळायला 'आरपीजी मेकर एक्सपी'पर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, थांबावं लागलं. 'आरपीजी मेकर २०००' तर इंग्रजीत अधिकृतपणे २०१५ मध्ये आलं.

आरटीपी म्हणजे 'रन टाइम पॅकेज' : टाइल, पात्रं, राक्षस, संगीत यांचा साधनासोबत मिळणारा तयार संच. तो खेळणाऱ्याने एकदाच स्वतंत्रपणे बसवून घ्यायचा, म्हणजे प्रत्येक गेममध्ये ती चित्रं पुन्हा भरावी लागत नाहीत. तेव्हा मोडेमवर १ एमबी उतरायला तीन मिनिटांच्या आसपास लागायची, हे लक्षात घेतलं तर ही सोय किती मोलाची होती ते कळतं. पण सगळ्या गेमचं रूप सारखं दिसायला लागलं तेही त्यातूनच. आणखी एक घोळ झाला. मूळ आरटीपीतल्या फाइलींची नावं जपानीत होती, अनधिकृत भाषांतरात ती इंग्रजी झाली. एका आरटीपीवर बनवलेला गेम दुसरा आरटीपी बसवलेल्या कॉम्प्युटरवर 'फाइल सापडत नाही' म्हणून बंद पडायचा. जुने गेम आजही यामुळे अडतात. 'ईझीआरपीजी' हा 'आरपीजी मेकर २०००' आणि 'आरपीजी मेकर २००३' मधले गेम चालवणारा मुक्त प्लेअर दोन्ही नावांची सांगड घालतो, म्हणून जुन्या गेमचं परीक्षण करणाऱ्याने तो आधी वापरून पाहावा. गेम उघडला नाही म्हणून गुण कापू नयेत.

'आरपीजी मेकर २०००' ची चौकट बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण परीक्षणाचे निकष तिच्यातच मुरले. पडदा ३२० बाय २४०, टाइल १६ बाय १६, म्हणजे एका वेळी २० बाय १५ टाइल दिसतात. पात्राचं एक चित्र २४ बाय ३२, प्रत्येक दिशेला चालण्याच्या तीन मुद्रा, रंग २५६. नकाशा मात्र ५०० बाय ५०० पर्यंत वाढवता येतो आणि नवखा इथेच फसतो. १०० बाय १०० चं गाव म्हणजे १०,००० टाइल. पडद्यावर ३०० मावतात, म्हणजे तेहतीस पडद्यांहून जास्त जागा भरायची आणि सांगण्यासारखी घरं असतात सहा. मग उरलेलं गवत. पुढच्या 'एमव्ही' आवृत्तीत पात्र मूळ वेगाने सेकंदाला पावणेचार टाइल चालतं. १०० टाइलचं गाव आडवं पार करायला सरळ २७ सेकंद जातात, आणि त्यात काहीच घडत नसेल तर खेळणारा कंटाळतोच. उपाय सोपा आहे : गाव ३० बाय २५ पासून सुरू करावं, घरं एकमेकांना चिकटू द्यावीत आणि जागा अपुरी पडली तरच वाढवावं.

गेमचा जीव इव्हेंटमध्ये, म्हणजे नकाशावरच्या वस्तूला किंवा पात्राला जोडलेल्या आज्ञांमध्ये असतो. पेटीचं उदाहरण घेऊ. इव्हेंटचं पहिलं पान : बंद पेटीचं चित्र, बटण दाबल्यावर सुरू, औषध एक नग वाढवा, संदेश दाखवा, स्विच (चालू किंवा बंद एवढीच नोंद ठेवणारी खूण) चालू करा. दुसरं पान : तोच स्विच चालू असेल तरच लागू, उघड्या पेटीचं चित्र, आत आज्ञा काहीच नाहीत. स्विच चालू करायची एक ओळ राहिली की औषध अनंत वेळा मिळतं. 'आरपीजी मेकर २०००'मध्ये स्विच अख्ख्या गेमला सामायिक होते, ५,००० पर्यंत, आणि प्रत्येक पेटीला आपला क्रमांक द्यावा लागे. नाव न देता क्रमांक वापरला आणि पुढे तोच परत वापरला, तर पहिल्या गावातली पेटी उघडल्यावर पाचव्या गावातली आपोआप उघडी सापडते. जपानीत २००४ मध्ये आलेल्या 'एक्सपी'त सेल्फ स्विच आला. तो त्या एका इव्हेंटपुरताच असल्यामुळे ही चूक जवळजवळ नाहीशी झाली.

दुसरी जुनी खोड 'ऑटोरन'ची. असा इव्हेंट आपोआप सुरू होतो, आणि तो चालू असेपर्यंत खेळणाऱ्याला हलता येत नाही. प्रसंग संपल्यावर स्विच बदलून त्याला रिकाम्या पानावर पाठवलं नाही तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि पात्र जागच्या जागी गोठतं. संगीत चालू, फुलं हलताहेत, पण कळा चालत नाहीत, असं दिसलं की नव्वद टक्के कारण हेच धरावं. परीक्षणात 'गेम हँग झाला' एवढंच लिहून बनवणाऱ्याला काही कळत नाही. कुठल्या नकाशावर, काय केल्यावर, संगीत चालू होतं की नाही, हे लिहिलं तर दुरुस्ती पाच मिनिटांत होते.

लढायांच्या तक्रारीमागे तर सरळ गणित आहे. 'एक्सपी'पासून प्रत्येक नव्या नकाशावर लढाईचं अंतर ३० पावलं असं आधीच भरलेलं असतं. साधन ० ते २९ मधले दोन यादृच्छिक आकडे काढतं, त्यांची बेरीज करून १ मिळवतं आणि तितक्या पावलांनी लढाई आणतं. सरासरी ३० येते, पण एखादी लढाई पहिल्याच पावलाला येते तर एखादी एकोणसाठाव्या. 'एमव्ही'त झुडुपाच्या टाइलवरचं पाऊल दुप्पट मोजलं जातं. गुहेतला सरळ रस्ता १८० पावलांचा असेल तर सहा लढाया, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे नऊ मिनिटं. खेळणारा दोनदा वाट चुकला की वीस. नवशिक्या बनवणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण तपासताना त्याला रस्ता पाठ असतो आणि टेस्टमध्ये कंट्रोल की दाबून लढाया टाळता येतात. कोड्यांच्या नकाशावर तरी हा आकडा ६० च्या पुढे न्यावा किंवा लढाया काढूनच टाकाव्यात.

मारामारीचं सूत्रही वजाबाकीचं आहे. 'आरपीजी मेकर २०००'मध्ये साध्या वाराचं नुकसान म्हणजे हल्ल्याचा निम्मा वजा संरक्षणाचा पाव. 'व्हीएक्स एस' आणि 'एमव्ही' या नंतरच्या आवृत्त्यांत मूळ सूत्र हल्ला गुणिले ४ वजा संरक्षण गुणिले २. हल्ला २० आणि राक्षसाचं संरक्षण २० असेल तर ४० चं नुकसान. संरक्षण ३० झालं की २०. संरक्षण ४० झालं की शून्य. राक्षसाचे आकडे थोडे वाढवले आणि वार अचानक बोथट झाले, ही तक्रार इथून येते. संरक्षण हल्ल्याच्या दुपटीच्या जवळ जाऊ द्यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तरी बराच तोल सांभाळतो.

परीक्षणांची दिशा बदलली ती काही गेमनी हा सगळा ढाचाच बाजूला ठेवला तेव्हा. 'युमे निक्की' (२००४) 'आरपीजी मेकर २००३' मध्ये बनला. त्यात खेळण्यासारखी लढाई नाही, संवाद जवळपास नाहीत. स्वप्नांत हिंडून २४ 'इफेक्ट' गोळा करायचे. फ्रेंच भाषेतला 'ऑफ' (२००८) त्याच साधनातला. 'टू द मून' (२०११) एक्सपीतला, आणि तो तर कथा व संगीतावरच उभा आहे. कथा, लढाई, चित्रं, आवाज असे चार रकाने करून दहापैकी गुण द्यायची मासिकांची रीत अशा गेमपुढे तोकडी पडते. ज्यात लढाईच नाही त्याला लढाईचे किती गुण देणार? रकाने ठेवायचेच असतील तर गेम स्वतः काय करू पाहतो हे आधी दोन वाक्यांत लिहावं आणि मग ते साधलं का हे तपासावं, हा मार्ग मला सर्वांत रास्त वाटतो. आरटीपी वापरलं हा दोष नव्हे. तीच टाइल वापरून कोणी छपरांची उंची सारखी राखतो, सावल्या एका दिशेला पाडतो. तिथे हात बनवणाऱ्याचा दिसतो.

'एक्सपी'ने रुबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्ट खुल्या केल्या आणि दोषांचा नवा वर्ग आला. दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट चिकटवताना दोघींनी एकच मेथड (एका कामाच्या सूचनांचा नाव दिलेला गट) नव्याने लिहिली असेल तर यादीत खाली असलेली जिंकते आणि वरची मुकाट्याने निकामी होते. मूळ मेथडला 'एलियस', म्हणजे दुसरं नाव, देऊन तिच्यात भर घालणं हा बरा मार्ग. पण अंगभूत क्लासमधल्या (साधनात आधीपासून असलेल्या मेथडच्या गटातल्या) मेथडला दिलेला एलियस एफ१२ कळीने गेम पुन्हा सुरू केल्यावर दुसऱ्यांदा लागतो, मेथड स्वतःलाच बोलावत राहते आणि 'स्टॅक लेव्हल टू डीप' म्हणत गेम कोसळतो. जुनी सेव्ह फाइल नव्या आवृत्तीत मोडते तीही याच सुमारास नित्याची झाली. म्हणून परीक्षणात गेमची आवृत्ती, किती तास खेळलात आणि कुठे थांबलात या तीन गोष्टी नोंदवल्याच पाहिजेत.

मराठीत गेम करायचा तर प्रश्न अक्षरांपाशी येतो. 'एमव्ही' (२०१५) आणि 'एमझेड' (२०२०) जावास्क्रिप्टवर चालतात, ब्राउझरच अक्षरं काढतो, त्यामुळे देवनागरी सहज जमेल असं वाटतं. मेनूतली नावं खरोखर नीट येतात, कारण तिथे पूर्ण शब्द एकदम रेखाटला जातो. संवादाच्या चौकटीत मात्र एमव्ही एकेक चिन्ह सुटं काढतं. 'किल्ला' या शब्दात त्याच्या लेखी सहा चिन्हं आहेत : क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. पडद्यावर क च्या पुढे ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली वेलांटी दिसते आणि जोडाक्षर फुटतं. वस्तूंच्या वर्णनाचंही तेच. एमझेडमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी \> लिहिलं की ओळ एकदम उमटते आणि अक्षरं जुळतात. एमव्हीसाठी छोटं प्लगिन (साधनाला जोडायचा प्रोग्राम) लिहावं लागतं : मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त मागच्या अक्षराला जोडायचे, मागचं चिन्ह हलन्त असेल तर पुढचं व्यंजनही जोडायचं, आणि मग तो गट एकत्र काढायचा. फॉन्ट गेमसोबतच द्यावा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्ता' खुल्या परवान्याचा आहे, पण कुठलाही घेतला तरी ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते आधी पाहावं. एमव्हीत ओळीची उंची ३६ पिक्सेल, अक्षर २८ चं; शेवटच्या ओळीतले उकार कापले गेले तर अक्षर २४ वर आणावं.

गोडो ४ (मार्च २०२३) या सर्वसाधारण गेम इंजिनमध्ये देवनागरीची जुळणी इंजिनातच आहे. तिथे पेटी, चौकट, लढाई सगळं स्वतः बांधावं लागतं. तरी आधीच भरून ठेवलेली निवड तिथेही चुकत नाही : मजकूर अक्षरागणिक उमटवताना चिन्हं जुळणीच्या आधी मोजायची की नंतर, या पर्यायात मूळ निवड 'आधी' अशी असते. ती बदलली नाही तर 'किल्ला' उमटताना मधेच 'किल', मग पाय मोडलेला 'किल्' दिसतो आणि जोडाक्षर शेवटी कुठे जागेवर बसतं.