पार्श्वभूमी: काउंटरच्या पुढं गोळीचा हिशोब कोण ठेवतं?

बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, खानापूरकडं मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, घरात म्हातारी माणसं आणि सोबतीला एखादी अटेंडंट मावशी, नाहीतर सरळ वृद्धाश्रम, हे आता कुणाला नवीन सांगायला नको. त्यांच्या गोळ्या चुकल्या तर चौकशी कशी व्हायची, हा मागचा इतिहास बघितला तर तो मेडिकलच्या काउंटरवरच थांबलाय.

1940 चा औषध कायदा औषधं बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर नजर ठेवतो. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, मग चूक म्हटलं की केस आणि भरपाई एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं. मार्च 2014 पासून ठराविक अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या यांचं वेगळं रजिस्टर मेडिकलवाल्याला 3 वर्षं जपावं लागतं. पण गोळ्या पिशवीत पडल्या की नोंद संपली.

खरा वाद ब्रँडचा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहावं, तेही वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटलमध्ये, असं 2016 मध्ये ठरलं. ऑगस्ट 2023 मध्ये मूळ नाव सक्तीचं करणारे नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. डॉक्टर म्हणाले, क्वालिटीची खात्री नाही आणि निवड दुकानदाराच्या हातात जाते, मूळ नावाच्या बाजूचे म्हणाले गरिबाला स्वस्त पडतं, आणि या भांडणात डबल डोसचं कुणी नाव काढलं नाही. आमच्याकडं होतं असं की आजीला मिरजेला दाखवायला नेतात, तिथं बीपीची अम्लोडिपिन एका ब्रँडनं लिहून मिळते, गावाकडच्या मेडिकलात तो नसतो म्हणून दुसरा देतात, घरी जुनं पाकीट अर्धं शिल्लक, मावशीला ही दोन वेगळी औषधं वाटतात आणि ती दोन्ही देते. चिठ्ठीवर 1-0-1, पाकिटावर बारीक इंग्रजी, मावशी कन्नड शाळेत शिकलेली आणि आजीला मराठीशिवाय येत नाही. आजी चक्कर येऊन पडली की सगळे मावशीवर तुटून पडतात, तिला काढतात, ती पाकिटं मात्र तिथंच राहतात. माझं मत सरळ आहे, मूळ नाव चिठ्ठीवर आणि पाकिटावर सारखंच ठळक हवं, क्वालिटीचा मुद्दा खरा असला तरी तो तपासणीनं सोडवायचा.

इंग्लंडमध्ये 2009 साली 55 केअर होममधल्या 256 जणांच्या औषधांचा अभ्यास छापून आला, त्यात दहातल्या सात जणांच्या बाबतीत निदान एक तरी चूक सापडली, लिहिताना, देताना, तपासण्या बघताना, सगळीकडं. कारणं निघाली कामाचा ताण, औषधांचं अपुरं ट्रेनिंग, डॉक्टर न सापडणं. तिकडच्या केअर होममध्ये ही गत, मग एकट्या मावशीकडून काय अपेक्षा करायची.

आपल्याकडं 2007 च्या ज्येष्ठांच्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान 150 निराधारांसाठी वृद्धाश्रम असं लिहिलंय, तेही राज्याच्या मर्जीवर. वृद्धाश्रमांचं आणि घरी येणाऱ्या सेवेचं रजिस्ट्रेशन आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये मांडलं गेलं, पण पास झालंच नाही. 2010 मध्ये औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा देशपातळीवरचा कार्यक्रम सुरू झाला, 2014 पासून पेशंट किंवा घरचेही कळवू शकतात, फॉर्म मराठीत आहे आणि कन्नडमध्येही. फक्त तो साइड इफेक्टसाठी आहे. सांधेवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, ती रोज दिली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी कमी होतात, तेवढा त्रास घरचे त्यात लिहितील, पण रोज का दिली गेली हे मावशीला विचारायला कुणी येत नाही.