प्रौढ समकक्षता वर्गांतील विज्ञान आणि सूक्ष्म वाचन

अमेरिकेत हायस्कूलचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रौढांना हायस्कूल पदविकेच्या तोडीचे प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळवता येते. त्या परीक्षेच्या तयारीच्या वर्गांत विज्ञान आणि वाचन हे दोन विषय एकाच पाठातून शिकवण्याची जी पद्धत रुळली आहे, तिचा विचार या नोंदीत केला आहे. कम्युनिटी कॉलेज, सार्वजनिक ग्रंथालय, कामगार संघटनेचे कार्यालय, चर्चचा हॉल, तुरुंग अशा ठिकाणी हे वर्ग भरतात. बरेचसे वर्ग संध्याकाळचे असतात आणि पुष्कळ ठिकाणी फी नसते. विद्यार्थ्यांत हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणारे, बांधकामावरचे मजूर, घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बायका, लहान वयात आई झाल्यामुळे शाळा सुटलेल्या मुली आणि इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असलेले स्थलांतरित असतात.

यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे जीईडी. हायसेट ही दुसरी परीक्षा २०१४ पासून काही राज्यांत घेतली जाते. त्याच वर्षी सुरू झालेली टास्क ही तिसरी परीक्षा २०२१ च्या अखेरीस बंद झाली. तिच्यावर अवलंबून असलेले न्यूयॉर्क राज्य त्यानंतर पुन्हा जीईडीकडे वळले.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात शाळा सोडून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी १९४२ मध्ये जीईडीची आखणी झाली. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेचा त्यात पुढाकार होता आणि परीक्षेचा साचा आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांच्या चाचण्यांवरून घेतला होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ही परीक्षा नागरिकांना खुली केली. पुढे ती देशभर पसरली.

मूळच्या पाच चाचण्यांपैकी विज्ञानाच्या चाचणीचे नावच ‘निसर्गविज्ञानातील वाचनसाहित्याचा अर्थ लावणे’ असे होते. सूत्रे आणि व्याख्या पाठ आहेत की नाहीत, हे पाहण्यापेक्षा विज्ञानाचा एखादा उतारा समोर आला तर माणूस त्यातून काय काढू शकतो, हे तिला पाहायचे होते. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला वर्गातला अभ्यास विसरला म्हणून अडवू नये, हा त्यामागचा उदार विचार. विज्ञानाची परीक्षा ही मुळात वाचनाची परीक्षा आहे, ही समजूत तिथून आली आणि शिक्षकांत अजून टिकून आहे. ती अर्धीच खरी आहे. उतारा समजायला भाषा लागते, तसेच त्या विषयाचे थोडेतरी ज्ञान लागते. वर्गात काय शिकवायचे हा सगळा वाद याच जागी येऊन थांबतो.

२०१४ मध्ये जीईडी संगणकावर गेली आणि बरीच अवघड झाली. आता भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र असे चार विषय आहेत. प्रत्येकाचे गुण १०० ते २०० या पट्टीवर मोजतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात १४५ लागतात. सुरुवातीला ही रेषा १५० होती; २०१६ मध्ये ती खाली आणली गेली. विज्ञानाचा पेपर ९० मिनिटांचा. त्यात जीवविज्ञान ४० टक्के, भौतिकी आणि रसायन मिळून ४० टक्के, पृथ्वी व अवकाशविज्ञान २० टक्के. भाषेच्या पेपरातही सुमारे तीन चतुर्थांश उतारे माहितीपर असतात, कथा-कादंबरीचा वाटा उरलेल्या एक चतुर्थांशाचा. म्हणजे आलेख, प्रयोगाचे वर्णन आणि युक्तिवाद वाचता येणे हे दोन्ही पेपरांत उपयोगी पडते.

या बदलाआधी, २०१३ मध्ये, अमेरिकेच्या शिक्षण खात्याने प्रौढ शिक्षणासाठी मानके प्रसिद्ध केली होती. वाचनाबाबत त्यांनी तीन गोष्टींवर भर दिला: मजकूर पुरेसा कठीण असावा, उत्तराला मजकुरातला पुरावा असावा आणि वाचनातून ज्ञान साठत जावे. पहिल्या दोन गोष्टी वर्गांत झपाट्याने आल्या. तिसरी मागे पडली, आणि ती सर्वांत महत्त्वाची होती.

सूक्ष्म वाचन म्हणजे काय

लहान पण कसदार मजकूर घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा वाचायचा आणि दर वाचनाला वेगळे काम ठरवायचे, अशी ही रीत आहे. तिचे मूळ साहित्यसमीक्षेत आहे. केंब्रिजमध्ये १९२० च्या दशकात आय. ए. रिचर्ड्‌स विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता देत आणि त्यांनी काय वाचले ते तपासत. शालेय शिक्षणात ती २०१० नंतर जोराने आली. पहिल्या वाचनात विषय कळावा, दुसऱ्यात शब्द आणि वाक्यांची जोडणी, तिसऱ्यात लेखक काय सिद्ध करू पाहतो आणि कशाच्या बळावर. प्रश्न असे हवेत की उत्तर देताना बोट मजकुरातल्या ओळीवर ठेवावे लागेल.

कविता वाचणे आणि विज्ञान वाचणे यांत मात्र फरक आहे. वैज्ञानिक मजकुरात क्रियापदांची नामे होतात: पाणी तापले आणि त्याची वाफ झाली, असे न म्हणता ‘बाष्पीभवनाच्या वेगातील वाढ’ म्हटले जाते. कोणी केले ते वाक्यातून नाहीसे होते. ‘वर्क’, ‘एनर्जी’, ‘थिअरी’, ‘सेल’ हे रोजचे शब्द तिथे वेगळेच काम करतात. थिअरी म्हणजे नुसता अंदाज, असे समजून बसलेला विद्यार्थी उत्क्रांतीचा पूर्ण उतारा उलटा वाचतो. शिवाय निम्मा अर्थ आकृतीत, कोष्टकात आणि आलेखाच्या अक्षांवर असतो. उतारा वाचून आकृतीवरून नजर फिरवून पुढे जाणे ही प्रौढ विद्यार्थ्यांची सर्वांत घट्ट सवय असते. म्हणून बरेच जाणते शिक्षक पाठाची सुरुवात मजकुराऐवजी कोष्टकाने करतात.

एक नमुना पाठ

व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या कामावर असा पाठ फार चांगला उभा राहतो. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ बाळंतपणांत १०५. वर्गाला प्रथम एवढेच आकडे दिले जातात. विद्यार्थी टक्केवारी काढतात: एकीकडे ११.४, दुसरीकडे २.८. आकडे स्वतः काढल्यावर वर्गात बोलणे आपोआप सुरू होते, कारण बाळंतपण हा विषय तिथल्या कित्येक बायकांनी जगलेला असतो.

मग उतारा येतो. त्या काळी सांगितली जाणारी कारणे त्यात एकेक करून मांडलेली असतात आणि विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने खुणा करायच्या असतात: हे कारण कोणत्या वाक्याने बाद होते? दूषित हवा म्हणावी, तर दोन्ही विभाग एकाच आवारात. गर्दी म्हणावी, तर बायका पहिला विभाग टाळू पाहत असल्याने दुसरा अधिक भरलेला. मरणाऱ्या बाईसाठी घंटा वाजवत येणाऱ्या पाद्र्याच्या धास्तीने बायका खचतात म्हणावे, तर त्याचा मार्ग बदलून आणि घंटा थांबवूनही काही फरक पडला नाही. बाळंतपणाच्या वेळी झोपवण्याची पद्धत बदलली, तरी आकडा तसाच. रुग्णालयात पोचण्याआधी रस्त्यातच बाळंत झालेल्या बायका मात्र कमी दगावत होत्या. या वाक्यापाशी वर्ग हटकून थबकतो. इतर कारणे बाद करणारे हे वाक्य नव्या कारणाकडेही बोट दाखवते.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे सहकारी याकोब कोलेचका शवविच्छेदनात सुरी लागून वारले आणि त्यांच्या शवात, या बायकांचा जीव घेणाऱ्या बाळंतज्वराचीच लक्षणे दिसली. डॉक्टर शवागारातून सरळ प्रसूतिकक्षात येत होते. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २.२ टक्के झाले.

गृहीतक, चल, नियंत्रण गट हे शब्द शिक्षक इथे पहिल्यांदा उच्चारतो. गोष्ट आधी आणि तिचे नाव नंतर, हा क्रम प्रौढांच्या बाबतीत फार मोलाचा आहे. व्याख्येने सुरू केले की ज्या वर्गात आपण नापास झालो होतो तोच वर्ग पुन्हा समोर उभा राहतो, आणि माणूस मागच्या बाकावर जाऊन बसतो.

शेवटचे काम लेखनाचे: दावा एक, पुरावे दोन, आणि पुराव्यावरून दावा कसा निघतो ते सांगणारे एक वाक्य. सेमेलवाइस यांना जंतू माहीत नव्हते. जंतूंमुळे रोग होतात हे दाखवणाऱ्या पाश्चर आणि कॉख यांचे काम पुढचे. मग कारण ठाऊक नसताना त्यांचा निष्कर्ष बरोबर कसा ठरला, आणि बहुसंख्य डॉक्टरांनी तो का नाकारला, हे प्रश्न दुसऱ्या तासाला पुरतात. असा एक उतारा दोन-तीन तास चालतो. तयारीच्या पुस्तकांत तेवढ्या वेळात एकमेकांशी संबंध नसलेले दहा-बारा उतारे उरकले जातात: एक ज्वालामुखीवर, एक मधमाश्यांवर, एक विजेवर. परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्याला अशा सरावाची गरज असते, पण वर्गाचा मुख्य आहार तो होऊ नये. त्यातून प्रश्न ओळखण्याची चलाखी येते, विज्ञान येत नाही, आणि पाठीशी ज्ञान नसले तर पुढचा अनोळखी उतारा पुन्हा तितकाच अनोळखी राहतो.

अनुभव आणि पक्क्या समजुती

प्रौढ कोरी पाटी घेऊन येत नाही. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला दाब आणि तापमान यांचे नाते हाताला कळलेले असते. शुश्रूषा करणाऱ्या बाईला रक्तातील साखरेचे चढउतार माहीत असतात. या ज्ञानाला वैज्ञानिक भाषा जोडून देणे हे शिक्षकाचे अर्धे काम.

उरलेले अर्धे काम चुकीच्या समजुतींशी असते. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, ही त्यांतली सर्वांत चिवट. १९८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात कॅमेऱ्यासमोर विचारले गेले, तेव्हा बहुतेक पदवीधरांनीही हेच कारण सांगितले होते. प्रत्यक्षात पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याला सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटींवर. नुसता उतारा वाचून ही समजूत जात नाही; वाचक आपल्याला हवे तेच वाक्यात पाहतो. मात्र वर्गात अर्जेंटिनाहून आलेला कोणी असला आणि त्याने आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो असे सांगितले, की साऱ्यांना तो उतारा पुन्हा वाचावा लागतो. स्थलांतरितांच्या वर्गाला लाभणारी ही साधनसामग्री कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

अडचणी आणि टीका

विद्यार्थ्याची कामाची पाळी बदलते, मूल आजारी पडते, घर बदलावे लागते. हजेरी सलग राहत नाही. कित्येक वर्गांत वर्षभर केव्हाही प्रवेश दिला जातो, त्यामुळे आज आलेला आणि तीन महिने येत असलेला शेजारी बसतात. काही संस्थांनी ठरावीक तारखांनाच प्रवेश देऊन सलग घटक शिकवण्याची सोय केली आहे; विज्ञानासाठी हीच व्यवस्था अधिक योग्य. शिक्षकांपैकी अनेक जण अर्धवेळ आणि भाषा किंवा समाजशास्त्रातून आलेले असतात. विज्ञान आपल्यालाच येत नाही या धास्तीने ते विज्ञानाच्या तासाला वाचनकौशल्यच शिकवत राहतात. प्रयोगशाळा क्वचितच असते. तरी बर्फ, मीठ, थर्मामीटर, भिंग यांवर बरेच काही साधते, आणि स्वतः मोजलेल्या तापमानाचा आलेख काढलेला माणूस दुसऱ्याचा आलेख वेगळ्या नजरेने वाचतो.

सूक्ष्म वाचनावरचा मुख्य आक्षेप असा की त्याच्या कडक रूपात शिक्षकाने पूर्वज्ञान देऊ नये, मजकुरातूनच सारे निघावे, असे मानले जाते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले बेसबॉलवरील उतारा वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा चांगला समजली होती. प्रौढांच्या वर्गाला हा निष्कर्ष पुरेपूर लागू आहे. पेशी म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाला मधुमेहावरचा उतारा चार वेळा वाचायला लावणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

खुद्द समकक्षतेवरही टीका झाली. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि स्टीफन कॅमेरॉन यांनी १९९३ मध्ये दाखवले की नोकरीच्या बाजारात जीईडीधारकांची स्थिती हायस्कूल पूर्ण केलेल्यांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्या जवळची असते. २०१४ ची अवघड परीक्षा काही अंशी या टीकेला दिलेले उत्तर होते. तिच्या पहिल्याच वर्षी उत्तीर्णांची संख्या मोठ्या प्रमाणात घसरली.

महाराष्ट्रातील समांतर व्यवस्था

कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात ती १८५५ मध्ये सुरू केली होती. आज शाळा सुटलेल्यांना दहावीसाठी मुंबई-पुण्यातल्या रात्रशाळा, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे मार्ग आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्याला नियमित विद्यार्थ्यांचीच प्रश्नपत्रिका सोडवावी लागते, म्हणजे विज्ञान टळत नाही, पण ते शिकवणारा वर्ग बहुधा खाजगी क्लासच असतो आणि भर गाइडवर. मुक्त विद्यालयात विषय निवडता येतात, त्यामुळे विज्ञान न घेताही दहावी होता येते, आणि शाळेत विज्ञानाला घाबरलेले विद्यार्थी ही वाट धरतात. जीईडीत चारही विषय सक्तीचे असल्याने तिथल्या शिक्षकाला या भीतीला सामोरे जावेच लागते. वर वर्णन केलेली पद्धत त्या सक्तीतून घडली. मराठीतून असे पाठ करायचे तर साहित्याची वाण नाही. कॉलराची साथ, पुण्यात १८९७ मध्ये आलेला प्लेग, मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी त्याच वर्षी स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लस आणि भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर झालेली तिची चाचणी, यांत तुलना करण्याजोगे दोन गट, आकडे आणि वाद हे सारे उपलब्ध आहे.