कळवा-दिव्याचा एसी लोकलवरचा राग: पार्श्वभूमी

मुंबईच्या एसी लोकलचा विषय निघाला की ठाण्यापुढच्या कळवा, मुंब्रा, दिव्याच्या लोकांना प्रगती नको असं बोललं जातं, म्हणून मागचं थोडं सांगतो.

१९१६ ला पारसिक बोगदा झाला, फास्ट लाइन त्यातून गेली आणि कळवा-मुंब्रा वळसा घालणाऱ्या स्लो लाइनवर राहिले. पुढे ठाण्यात घर परवडेना तशी माणसं या पट्ट्यात येत गेली, गाड्या त्या मानाने वाढल्याच नाहीत. दिव्याला फास्टचा हॉल्ट मिळाला तो डिसेंबर २०१६ मधे, त्याआधी जानेवारी २०१५ चा रेल रोको झालेला.

खरा घोळ २०२२ चा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन कित्येक वर्षं रखडली होती, ती फेब्रुवारीत सुरू झाली, लोकांना वाटलं आता तरी श्वास घेता येईल. नवीन ३६ फेऱ्या आल्या, त्यातल्या ३४ एसी! मे मधे एसीचं तिकीट निम्मं केलं, कमीत कमी भाडं ६५ वरून ३० रुपये, पण ही सूट फक्त सिंगल तिकिटाला, पासाला नाही, आणि रोज कामावर जाणारा माणूस पासावरच जातो ना. साध्या गाडीचं कमीत कमी तिकीट तेव्हा ५ रुपये होतं. त्याच महिन्यात हार्बर लाइनच्या (पनवेलकडची) एसी फेऱ्या काढून मेन लाइनला (आमची, ठाणे-कल्याणकडची) आणल्या, आणि त्या नव्या गाड्या म्हणून नाही तर चालू साध्या गाड्यांच्या जागी.

हे नीट समजून घ्यायला हवं. सकाळच्या गर्दीत लाइनवर जास्तीची गाडी घुसवायला जागाच नसते, त्यामुळे एक एसी आली की एक साधी जाते आणि तिच्यातली सगळी माणसं मागच्या साध्या गाडीच्या दारात लटकतात. एसीतल्यांचा प्रवास सुखाचा होतो हे खरंच आहे, वयस्कर लोकांना, बायकांना तर नक्कीच, पण त्याची किंमत दुसऱ्याने का मोजायची? ऑगस्टमधे कळव्याला कारशेडमधून (गाड्या उभ्या ठेवायची जागा) निघालेली एसी लोकल लोकांनी अडवली ती यासाठीच. रोजच्या वेळेची साधी गाडी एसी झाली होती, कारशेडपाशी चढणाऱ्यांना बंद दारात चढता येईना. मग बदलापूरलाही लोक उतरले. आठवड्याभरात १० एसी फेऱ्या मागे घेतल्या, म्हणजे निर्णय घेण्याआधी विचारलं असतं तर ट्रॅकवर उतरायची वेळच आली नसती.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं गाडीतून खाली पडली, जीव गेले. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या साध्या लोकल आणायचं जाहीर झालं. इथल्या लोकांची मागणी अजून तीच आहे, पीक अवरला साध्या फेऱ्या वाढवा आणि एसी आणायची तर साधी न काढता आणा.