गुडघ्याखालची उशी

प्लास्टर निघून किंवा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला, की पहिल्याच रात्री कुणीतरी मायेनं त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवतं. लगेच आराम पडतो. सुजलेल्या गुडघ्यात पाणी साचलेलं असतं आणि सांधा साधारण ३० अंशांत वाकलेला असला की त्या पाण्याला सगळ्यात जास्त जागा मिळते. आतला दाब उतरतो, ठणका कमी होतो. पण हीच उशी तीन-चार आठवडे तिथेच राहिली, तर सांध्याचं मागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू त्या वाकलेल्या मापाचे होऊन बसतात. मग पाय सरळ होत नाही. उशी हवीच असेल तर ती टाचेखाली ठेवा आणि गुडघा मध्ये अधांतरी राहू द्या, दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी ५ ते १० मिनिटं. गुडघ्यामागे ओढल्यासारखं वाटेल, आणि ते वाटायलाच हवं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हाड अजून जुळायचं असेल किंवा लिगामेंट (दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा) शिवलेलं असेल, तर किती वाकवायचं आणि पायावर किती वजन द्यायचं हे सर्जन ठरवून देतात. पुढचं सगळं त्या मर्यादेच्या आत राहून करायचं आहे.

गुडघा वाकत नाही याची काळजी घरातले सगळे करतात. तो पूर्ण सरळ होत नाही, हे मात्र बरेचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. सरळ गुडघ्यावर उभं राहिलं की वजन मुख्यतः हाडांच्या खांबावर येतं आणि स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. तोच गुडघा १०-१५ अंश वाकलेला राहिला, तर उभं असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला राहतो. तो लवकर थकतो. पाय आखूड पडल्यासारखा होऊन माणूस लंगडतो, आणि काही महिन्यांनी कंबर दुखायला लागली की इलाज कंबरेचा सुरू होतो.

या मांडीच्या स्नायूचं, म्हणजे क्वाड्रिसेप्सचं, वागणं समजून घेतलं तर फिजिओथेरपीतलं निम्मं कोडं सुटतं. ऑपरेशननंतर ‘पाय उचला’ म्हटलं तर अनेकांचा पाय उचललाच जात नाही. घरच्यांना वाटतं, घाबरतोय किंवा टाळतोय. तसं नसतं. सांध्यात सूज असली की तिथल्या नसा मज्जारज्जूला संदेश पाठवतात आणि या स्नायूचा हुकूम मधल्या मध्ये दाबला जातो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाईन सोडून केलेल्या प्रयोगांत दिसलं, की मांडीच्या आतल्या बाजूचा भाग मंदावायला अवघं २० ते ३० मिली पाणी पुरतं, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. स्नायू धडधाकट असतो, त्याच्यापर्यंत हुकूम पोहोचत नसतो. त्यातच पाय हलत नसल्यानं त्याची ताकद पहिल्या आठवड्यापासूनच घटत जाते, आणि वय जास्त असेल तर ती भरून यायला वेळही जास्त लागतो.

म्हणून पहिला व्यायाम अगदी किरकोळ दिसतो. पाय लांब करून बसा, पंजा स्वतःकडे ओढा आणि गुडघ्याची मागची बाजू खाली दाबा. ५ सेकंद धरा, ५ सेकंद सोडा. असं १० वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. बोट ठेवून पाहा, गुडघ्याची वाटी मांडीच्या दिशेनं सरकायला हवी. सरकत नसेल तर बहुतेक वेळा माणूस मांडीऐवजी कुल्ला आवळत असतो किंवा श्वास रोखून जोर लावत असतो. मऊ गादीवर पाय रुततो आणि दाबलेलं कळत नाही. दिवाणावर पातळ सतरंजी घालून करावं. हे जमलं की दुसरा पाय दुमडून हा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, ५ सेकंद धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. उचलताना गुडघा किंचितही वाकला तर पाय उचलण्याची घाई झाली आहे. आधीच्या व्यायामावर परत या.

वाकवण्याचा व्यायाम याच्या जोडीनं चालतो. पाठीवर झोपून टाच गादीवरून घासत कुल्ल्याकडे आणायची, शेवटच्या टोकाला १० सेकंद थांबायचं आणि पुन्हा सरळ करायची. पायात मोजा किंवा टाचेखाली प्लास्टिकची पिशवी असली की टाच अडत नाही. किती अंश पुरेसे, हे माणसाला काय करायचं आहे त्यावर ठरतं. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा ६० ते ६५ अंश वाकतो. नागपूरच्या सीताबर्डी मेट्रो स्टेशनचा जिना चढायला ९०च्या आसपास लागतात, खोल सोफ्यातून उठायला १०० किंवा त्याहून थोडे जास्त. उकिडवं बसायला, भारतीय पद्धतीच्या संडासात किंवा पंगतीत मांडी घालून बसायला १३०च्या वर जावं लागतं. सांधा बदललेल्यांना साधारण ११० ते १२० अंश मिळाले तर ते चांगलं मानतात, आणि जमिनीवर बसणं बहुतेक सर्जन टाळायलाच सांगतात. रामटेकचा गड पुन्हा चढायचा असेल तर ते पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टला सांगावं. पायऱ्या उतरताना मांडीचा स्नायू लांब होत होत वजन तोलतो. ही वेगळी ताकद असते आणि तिची तयारी वेगळी करावी लागते.

‘फिजिओ लावलं’ याचा अर्थ आपल्याकडे अनेकदा शेक घेतला किंवा करंट लावला एवढाच होतो. त्या यंत्रांना त्यांची जागा आहे. टेन्सनं, म्हणजे कातडीवर पट्ट्या लावून सौम्य करंट देणाऱ्या यंत्रानं, काही वेळ दुखणं कमी होतं, आणि त्या वेळात व्यायाम करून घेता येतो. झोपलेल्या क्वाड्रिसेप्सला सौम्य विद्युतप्रवाहानं आवळायला लावणं पहिल्या आठवड्यांत खरोखर उपयोगी पडतं, विशेषतः त्याच क्षणी माणसानं स्वतःही मांडी आवळली तर. पण २० मिनिटं यंत्राखाली पडून घरी परतल्यानं ताकद येत नाही. यंत्र सुरू करून थेरपिस्ट दुसरीकडे निघून जात असेल आणि व्यायाम कुणी शिकवतच नसेल, तर तो उपचार अपुरा आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं. जोरजोरात तेल रगडून सांधा ‘मोकळा’ करणं तर टाळाच. दुखापत झालेल्या कोपरावर अशी रगडारगडी केल्यानं स्नायूतच हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडू शकतो.

व्यायामाचा डोस किती, हा प्रश्न सगळ्यात नाजूक. शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना दुखणं तीन-चारपर्यंत गेलं तर चालतं, मात्र ते २४ तासांत मूळ पातळीवर यायला हवं. शिंप्याकडची टेप घ्या आणि वाटीच्या मधोमध गुडघ्याचा घेर रोज एकाच वेळी मोजून ठेवा. सेंटीमीटरभर वाढला तर काल जास्त झालं. व्यायाम बंद करू नका, निम्मे करा, पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं बर्फ लावा. गरम आणि सुजलेल्या गुडघ्याला शेक देऊ नये. उलट चूकही तितकीच होते. महिनाभर तोच व्यायाम, तेवढाच १० वेळा, त्याच जोरानं. जे आता सोपं वाटतं त्यानं ताकद वाढायची थांबते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी सुधारणा दिसते ती बरीचशी मेंदू आणि नसांच्या शिकण्याची असते. स्नायूचा घेर भरायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि नेमके त्याच सुमारास ‘आता बरं आहे’ म्हणून पुष्कळ लोक व्यायाम सोडतात.

ताकदीसाठी घरातली साधी खुर्ची पुरते. सुमारे ४५ सेंटीमीटर उंचीची, बिनहाताची, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर घडी करून उठायचं, सावकाश बसायचं, धपकन नाही. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात बाईला ११ आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमत असेल, तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी येते तितकी तिची उंची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठडा धरून.

नागपुरात वेळापत्रक ऊन ठरवतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा फुटाळा किंवा अंबाझरी तलावावरचं फिरणं सकाळी साडेसहाच्या आत उरकावं आणि बाकीचे व्यायाम घरात करावेत. घरातही एक धोका असतो. कूलरचं पाणी फरशीवर झिरपतं आणि नुकताच वॉकर सोडलेला माणूस त्यावरूनच घसरतो. कूलरखाली ट्रे ठेवा आणि वॉकर-काठीचे रबर झिजले की बदला. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सांधे आखडलेले असतात. बाहेर पडण्याआधी पाच मिनिटं बसल्या बसल्या पाय हलवून घ्यावेत.

गुडघे झिजलेत म्हणून चालणंच बंद करणारे पुष्कळ आहेत. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. वजन पडलं की ती दाबली जाते, सुटलं की फुगते, आणि या दाबण्या-सुटण्यातून सांध्याच्या पाण्यातलं पोषण तिच्यात झिरपतं. बसून राहिल्यानं तेही थांबतं. वजन मात्र कमी करावं. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. शरीराचं एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखत आणि गरम लागत असेल, अचानक दम लागला, ताप आला किंवा जखमेतून स्राव येत असेल, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते.

नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपी मिळते. खासगीत जायचं असेल तर थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. पहिल्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि रोजची चप्पल सोबत न्या, सैल हाफ पँट किंवा पायजमा घाला. कोनमापकानं गुडघा मोजून आकडे कागदावर लिहून मागा, आणि दर आठवड्याला तेच माप पुन्हा घ्यायला सांगा. ‘५ ते ९५’ असं लिहिलं असेल तर गुडघा ९५ अंश वाकतो आहे, पण सरळ व्हायला अजून ५ अंश बाकी आहेत. त्या ९५च्या आनंदात सुरुवातीचे ५ विसरले जातात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल विचारा.