‘एस’ कुठे गळतो?

गोव्यातल्या डिचोलीची माझी भाची सहावीत आहे. इंग्रजीचा नियम विचारला तर घडाघडा म्हणते, “ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस.” आणि लगेच सांगते, “माय फादर गो टू म्हापसा एव्हरी फ्रायडे.” शुक्रवारचा बाजार खरा, बाबा जातात हेही खरं, एस तेवढा गळाला. घरचे म्हणतात लक्ष नाही, शिकवणीवाले म्हणतात मराठीची सवय नडते.

सवय? मराठीत तर मी जातो, तू जातोस, ती जाते! कर्ता बघून क्रियापद फिरवण्यात आपली पोरं तरबेज. घरच्या भाषेच्या चुका निराळ्या असतात. गोव्याच्या कोकणीत मुलीला ‘तें’ म्हणतात, म्हणून मराठीच्या तासाला एखादा “धाकटी बहीण आलं” म्हणून जातो.

एसची गोष्ट वेगळी आहे. मानफ्रेड पीनेमान या भाषाशास्त्रज्ञाच्या मते बोलताना मेंदू वाक्य तुकड्यातुकड्यांनी जुळवतो. ‘टू बुक्स’मधला एस सोपा, कारण ‘टू’ आणि ‘बुक’ एकाच तुकड्यात बसतात. ‘माय फादर गोज’मध्ये मात्र पहिल्या तुकड्यातली ‘तृतीयपुरुषी, एकवचनी’ ही माहिती हातात धरून दुसऱ्या तुकड्यापर्यंत न्यायची असते, तीही बोलण्याच्या वेगात. नवख्याचा मेंदू तोवर शब्द शोधण्यात गुंतलेला. त्यात ‘फादर’ म्हटल्यावर एस नवीन काहीच सांगत नाही. सामान जड झालं की बिनकामाचं आधी टाकतात, तसंच हे.

ऐकतानाही तेच. ‘यस्टर्डे’ कानावर पडलं की भूतकाळ कळला. ‘प्लेड’मधल्या शेवटच्या ‘ड’कडे कोण बघतो? भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यासक बिल व्हॅनपॅटन, त्याने यावर झकास तोड काढली: ‘यस्टर्डे’ काढूनच टाका. “आय प्लेड फुटबॉल”, “आय प्ले फुटबॉल” एवढंच ऐकवा आणि विचारा, झालेलं की नेहमीचं? आता त्या ‘ड’वाचून अर्थच लागत नाही. मुलाने बोलायचं नंतर, आधी कानाने पकडायचं. हा खेळ मी भाचीबरोबर खेळलो. फुटबॉलमुळे तिचा भाऊही येऊन बसला.

मग नियम सांगूच नयेत का? बंगळूरला १९७९मध्ये एन. एस. प्रभूंनी सुरू केलेल्या इंग्रजी शिकवण्याच्या प्रकल्पात व्याकरणाचा पाठ नव्हताच; मुलं वेळापत्रकं, नकाशे घेऊन कोडी सोडवत. उलट नॉरिस आणि ओर्तेगा या संशोधकांनी २०००मध्ये ४९ अभ्यास एकत्र तोलले तेव्हा नियम उघड सांगण्याचं पारडं जड निघालं. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या नियम आठवण्याच्याच होत्या, गप्पांच्या नव्हेत. नियम आठवण्यात भाचीही पहिली येईल.

‘व्याकरणाशिवाय तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्यांना आणि जीभ सुटावी म्हणून वेखंड चाटवणाऱ्यांना मी एकाच पंगतीत बसवतो. परवा भाची म्हणाली, “माय फादर गो... गोज टू म्हापसा.” मधली ती अडखळ मला फार आवडली.