खोल फिलिंगनंतरचं दुखणं: सणक की ठणका?

दाढेतली खोल कीड काढून फिलिंग भरलं, भूल उतरली आणि दुसऱ्या दिवशी गार पाण्याच्या पहिल्याच घोटाला कळ मस्तकात गेली. आता रूट कॅनलच करावं लागणार का? कळ किती जोराची होती यावरून ते ठरत नाही. गार पाणी तोंडातून गेल्यावर ती किती वेळ टिकली, हे पाहावं लागतं.

या दोन दुखण्यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत. गार लागताच येते आणि लगेच जाते ती सणक. आत ठोके पडत राहावेत तसा चालू राहतो तो ठणका. दोन्ही उठतात दाताच्या गाभ्यातून, म्हणजे आपण सरसकट ‘नस’ म्हणतो त्या मऊ भागातून. पण सणक वेगवान तंतूंमधून जाते, ठणका संथ तंतूंमधून.

दाताच्या वरच्या टणक कवचाखाली डेंटिनचा थर असतो. त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि नळ्यांत द्रव. गार लागलं की तो द्रव हलतो आणि सणक उठते. खोल कीड काढताना याच नळ्या उघड्या पडतात. गाभ्यावर 2 मिलिमीटर डेंटिन शिल्लक असेल तर गाभ्याला चांगलं संरक्षण मिळतं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उरलं तर तो चिडण्याची शक्यता बरीच वाढते. दाताच्या रंगाचं कंपोझिट फिलिंग प्रकाशाने घट्ट होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसतं. म्हणून नेहमीचं कंपोझिट सुमारे 2 मिलिमीटरच्या थरांनी भरतात. घाई झाली किंवा दात नीट कोरडा राहिला नाही, तर तळाशी फट राहते आणि घास चावताना त्या फटीतला द्रव नळ्यांत दाबला जातो. चांदीच्या फिलिंगचं कारण वेगळं: धातूतून गारवा पटकन आत पोहोचतो. ही सणक बहुतेक वेळा 2 ते 4 आठवड्यांत ओसरते, कारण गाभा आतल्या बाजूने नवं डेंटिन तयार करतो आणि सूज उतरते.

ठणक्यात ती सूज परतीच्या पलीकडे गेलेली असते. चारी बाजूंनी कठीण भिंती, फुगायला जागा नाही, म्हणून आतला दाब वाढतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणूनच हे दुखणं रात्री झोपेतून उठवतं. काही न खाता-पिताही सुरू होतं. कानात, कानशिलात, कधी समोरच्या जबड्यात जातं आणि नेमका कोणता दात हे बोटाने दाखवता येत नाही. गरम चहाने भडकणारं आणि गार पाणी तोंडात धरल्यावरच शमणारं दुखणं असेल, तर आणखी आठवडाभर वाट पाहू नका. गारव्याने आराम पडतो म्हणजे दात सुधारतोय, असा अर्थ काढू नका.

घरी एवढं करून पाहा: गार पाण्याचा घोट त्या बाजूला धरा, थुंकून टाका आणि सेकंद मोजा. पाच-दहा सेकंदांत विरलं तर सणक. तीस सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं तर ठणक्याची सुरुवात समजा. मधलं काही असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजून लिहून ठेवा. आकडा कमी होतोय की वाढतोय, हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

या दोघांत न बसणारं एक तिसरं दुखणं आहे आणि ते विनाकारण लांबवलं जातं. फक्त चावताना दुखतं, दात मिटले की तोच दात आधी टेकतो: इथे फिलिंग उंच झालेलं असतं. भूल असताना चावा नीट कळत नाही, म्हणून हे घडतं. केसाच्या जाडीपेक्षा कमी उंचीसुद्धा दाताला टोचते. रंगीत कागद चावायला देऊन डॉक्टर ती जागा शोधतात आणि घासून देतात, काही मिनिटांचं काम. ‘सवय होईल’ म्हणून महिना काढू नका. रोजच्या माराने दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू सुजतात.

ठणका अचानक पूर्ण थांबला तर आनंद मानण्याआधी तपासून घ्या. गाभा मेला की दुखणं थांबतं, गारही लागत नाही, पण संसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत राहतो.

ठणक्यावर अँटिबायोटिक घेऊन उपयोग नाही. सुजलेला गाभाच काढावा लागतो, रूट कॅनलने पूर्ण किंवा काही दातांत फक्त वरचा भाग. तोवर प्रौढांना आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम जेवणानंतर, सोबत पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम चालतं. मात्र जठरव्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भारपण असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते.

गालावर सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर त्याच दिवशी दंतवैद्याकडे जा. गिळताना किंवा श्वास घेताना अडलं तर थेट रुग्णालय गाठा.