बुळबुळीत तळामुळे बोट वेगाने जाते का?

"तळाला शेवाळाचा बुळबुळीत थर असला की बोट पाण्यातून सहज सरकते, तो काढू नये," असा समज किनाऱ्यावर पूर्वीपासून फिरतो आहे. तो थर हाताला खरोखरच निसरडा लागतो, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र हात घसरतो तेव्हा दोन घन पृष्ठभागांमधला ओलावा वंगणाचे काम करतो. चालत्या बोटीखाली तसे घडत नाही, कारण तळाला अगदी चिकटून असलेले पाणी तळाबरोबरच ओढले जाते आणि त्याबाहेरचे पाणी क्रमाक्रमाने मागे पडत जाते. शेवाळाचे मऊ तंतू या प्रवाहात फडफडतात, भोवरे वाढवतात, आणि त्या भोवऱ्यांत जाणारी ऊर्जा अखेर डिझेलमधूनच येते. बार्नेकलची (तळाला घट्ट चिकटणाऱ्या छोट्या समुद्री जीवांची) खरखरीत कवचे बसली तर हा अडथळा कितीतरी वाढतो. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांवरची कवचेही महाग पडतात.

पडताळणी कोणालाही करता येते. वारा पडलेला असताना, इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) कायम ठेवून, एकाच पट्ट्यात बोट एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध चालवावी व जीपीएसवरील दोन्ही वेगांची सरासरी लिहून ठेवावी. सफाईनंतर तेवढेच वजन ठेवून तीच चाचणी पुन्हा करावी. शक्य असल्यास दर किलोमीटरला लागलेले डिझेलही मोजावे. सफाई करताना मात्र पत्र्याने खरवडू नये, कारण शेवाळाला रोखणारा रंगच त्याने निघून जातो.